रोगप्रतिकारक पेशींचे आसंजन व संचार : नॉकआऊट उंदरांवरील अभ्यास

नॉकआऊट उंदीर म्हणजे ज्याच्या जनुकसंचातील एखादे ठरावीक जनुक प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर निकामी केलेले आहे असा उंदीर. ते जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते प्रथिन या उंदराच्या शरीरात तयार होत नाही. निरोगी उंदराशी त्याची तुलना केल्यास त्या प्रथिनाचे शरीरातील कार्य उलगडता येते. रक्तातील श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला कशा चिकटतात (आसंजन), भिंत ओलांडून ऊतींमध्ये कशा शिरतात आणि शरीरभर कोणत्या मार्गांनी फिरतात (संचार), या प्रश्नांच्या अभ्यासात १९९० च्या दशकापासून नॉकआऊट उंदरांचा मोठा वाटा आहे. या अभ्यासामुळे एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराचे स्वरूप स्पष्ट झाले, तसेच आतड्याच्या व मज्जासंस्थेच्या काही आजारांवरील औषधांमागचे विज्ञान भक्कम झाले. मात्र एखादे प्रथिन काढून टाकल्यावर उंदरात जे दिसते त्याचा अर्थ लावणे वाटते तितके सरळ नसते, हेही याच अभ्यासाने दाखवून दिले.

पार्श्वभूमी

रक्तप्रवाहाबरोबर वाहणाऱ्या श्वेतपेशींचे खरे कार्य बहुधा रक्ताबाहेर असते. त्वचेत काटा रुतला, फुफ्फुसात जिवाणू शिरले किंवा आतड्याला इजा झाली, तर तेथवर पोहोचण्यासाठी श्वेतपेशीला वेगाने वाहणाऱ्या रक्तातून बाहेर पडावे लागते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या पारदर्शक ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. दाह झालेल्या जागी श्वेतपेशी वाहिनीच्या कडेला गोळा होतात, भिंतीला चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडतात, असे त्यांनी नोंदवले. पू हा मुख्यतः अशा बाहेर पडलेल्या पेशींचाच बनलेला असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

संचाराचा दुसरा प्रकार दाहाशी थेट निगडित नसतो. ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर मोठ्या जातीच्या उंदरांवर प्रयोग केले. लसीकापेशी रक्तातून लसीका ग्रंथींत, तेथून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात असा अखंड फेरा घालतात, हे त्या प्रयोगांतून सिद्ध झाले. शरीरात कोठेही शिरलेल्या रोगजंतूशी जुळणारी लसीकापेशी वेळेत त्याच्यापर्यंत पोहोचणे या फेऱ्यामुळेच शक्य होते.

पेशी नेमक्या कोणत्या रेणूंच्या साहाय्याने चिकटतात, हे १९८० च्या दशकात कळू लागले. विशिष्ट रेणूला घट्ट बिलगणारी एकजिनसी प्रतिपिंडे तोवर उपलब्ध झाली होती. एखाद्या प्रतिपिंडाने आसंजन थांबले, तर ते ज्या रेणूला बिलगते तो रेणू आसंजनात भाग घेत असला पाहिजे, असा तर्क करता येऊ लागला. या कामातून पुढे आलेल्या क्रमबद्ध चित्राला आसंजनाची साखळी म्हटले जाते. तिचे मुख्य टप्पे असे आहेत :

- घरंगळणे : वाहिनीच्या अंतःस्तरावरील सिलेक्टिन नावाची प्रथिने श्वेतपेशीवरील शर्करायुक्त रेणूंना क्षणभर पकडतात व सोडतात. त्यामुळे पेशीचा वेग मंदावतो व ती भिंतीवरून घरंगळू लागते.
- उद्दीपन : अंतःस्तरावर असलेली केमोकाइन नावाची लहान प्रथिने पेशीला थांबण्याचा संकेत देतात.
- घट्ट आसंजन : या संकेताने श्वेतपेशीवरील इंटेग्रिन प्रथिनांचा आकार बदलतो. ती अंतःस्तरावरील जोडीदार रेणूंना घट्ट धरतात व पेशी थांबते.
- सरपटणे व पारगमन : पेशी भिंतीवरून सरपटत योग्य जागा शोधते आणि बहुधा अंतःस्तराच्या दोन पेशींमधील सांध्यातून बाहेर पडते.

घरंगळणे व घट्ट आसंजन ही दोन वेगळ्या रेणूंची, एकापाठोपाठ होणारी कामे आहेत, हे मायकेल लॉरेन्स व टिमथी स्प्रिंगर यांनी १९९१ मध्ये वाहत्या द्रवातील प्रयोगांनी दाखवले. हे प्रयोग जिवंत शरीराबाहेरचे होते. प्रत्यक्ष प्राण्यात यांपैकी एखादा रेणू मुळातच नसेल तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी नॉकआऊट उंदरांची गरज भासली.

नॉकआऊट उंदीर तयार करण्याची पद्धत

मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी १९८१ मध्ये उंदराच्या कोवळ्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून त्या प्रयोगशाळेत वाढवल्या. या पेशींपासून शरीरातील सर्व प्रकारच्या ऊती बनू शकतात. पेशीत बाहेरून सोडलेला डीएनए तिच्यातील जुळणाऱ्या जनुकाची जागा घेऊ शकतो, हे मारिओ कपेकी व ऑलिव्हर स्मिथीज यांनी स्वतंत्रपणे दाखवले. या दोन शोधांच्या मिलाफातून १९८९ मध्ये पहिले नॉकआऊट उंदीर जन्माला आले. या कामासाठी कपेकी, एव्हान्स व स्मिथीज यांना २००७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रूढ पद्धतीत आधी लक्ष्य जनुकाची एक बिघडवलेली प्रत तयार करतात. तिच्या मध्यभागी प्रतिजैविकाला दाद न देणारे एक जनुक घातलेले असते. ही प्रत भ्रूण मूलपेशींमध्ये सोडल्यावर फार थोड्या पेशींत ती मूळ जनुकाच्या जागी बसते. प्रतिजैविकाच्या साहाय्याने अशा पेशी निवडून त्या दुसऱ्या उंदराच्या कोवळ्या भ्रूणात सोडतात आणि तो भ्रूण मादीच्या गर्भाशयात ठेवतात. जन्मणारे पिल्लू दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते. मूलपेशी व भ्रूण वेगळ्या रंगाच्या वाणांचे घेतल्यास हे मिश्रण पिल्लाच्या केसांच्या रंगावरूनही ओळखता येते. या पिल्लांच्या संततीतून जनुकाची एक प्रत बिघडलेले उंदीर मिळतात. अशा दोन उंदरांच्या संकरातून मेंडेलच्या नियमाप्रमाणे सरासरी चौथा हिस्सा पिल्ले दोन्ही प्रती निकामी असलेली, म्हणजे पूर्ण नॉकआऊट, निपजतात. २०१३ पासून क्रिस्पर तंत्राने फलित अंड्यातच जनुकात बदल करता येऊ लागला आणि या कामाचा वेळ बराच कमी झाला.

निरीक्षणाच्या पद्धती

नॉकआऊट उंदीर तयार झाल्यावर त्याच्यातील पेशींची हालचाल मोजण्याच्या काही पद्धती रूढ आहेत.

- सजीव सूक्ष्मदर्शन : भूल दिलेल्या उंदराच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातील किंवा वृषणाभोवतीच्या पातळ स्नायूतील सूक्ष्म नीला सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. किती पेशी घरंगळतात, किती वेगाने आणि किती थांबतात, हे यात थेट मोजता येते.
- उदरपोकळीतील दाह : क्षोभक द्रव उदरपोकळीत टोचून ठरावीक तासांनी तेथे किती न्यूट्रोफिल पेशी आल्या ते मोजतात.
- पेशी-हस्तांतरण : नॉकआऊट व सामान्य उंदरांच्या लसीकापेशींना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा करून त्या समप्रमाणात एकाच उंदराच्या रक्तात सोडतात. लसीका ग्रंथींत त्या कोणत्या प्रमाणात पोहोचल्या यावरून दोष स्पष्ट होतो.
- अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण : सामान्य उंदराची स्वतःची अस्थिमज्जा किरणोत्साराने नष्ट करून तेथे नॉकआऊट उंदराची मज्जा घालतात, किंवा याच्या उलट करतात. दोष रक्तपेशींत आहे की वाहिनीच्या भिंतीत, याचा उलगडा यातून होतो.

सिलेक्टिनविषयीचे निष्कर्ष

सिलेक्टिन तीन आहेत. पी-सिलेक्टिन रक्तकणिकांत व अंतःस्तराच्या पेशींत साठवलेले असते आणि इजा होताच काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन दाह सुरू झाल्यावर काही तासांत नव्याने तयार होते. एल-सिलेक्टिन श्वेतपेशींवर असते.

पी-सिलेक्टिन नसलेल्या उंदरांचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. या उंदरांच्या सूक्ष्म नीलांत श्वेतपेशींचे घरंगळणे जवळजवळ दिसेनासे झाले होते आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशींची संख्या वाढलेली होती. उदरपोकळीत दाह निर्माण केल्यावर न्यूट्रोफिल तेथे उशिरा पोहोचले, पण अखेरीस पोहोचले. पी-सिलेक्टिन हे पहिल्या काही तासांच्या प्रतिसादाला आवश्यक असून पुढे अन्य रेणू ते काम सांभाळतात, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

पुढील वर्षी ई-सिलेक्टिन नसलेले उंदीर तयार झाले. ते जवळजवळ सर्वसामान्य दिसले, दाहातही न्यूट्रोफिल व्यवस्थित पोहोचले. ई-सिलेक्टिन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष यावरून काढता आला असता. परंतु त्याच उंदरांना पी-सिलेक्टिन रोखणारे प्रतिपिंड दिल्यावर न्यूट्रोफिलांचा प्रतिसाद मोठ्या प्रमाणात घटला. म्हणजे दोन्ही रेणू एकमेकांची उणीव भरून काढत होते. नंतरच्या सूक्ष्म मोजमापांत ई-सिलेक्टिनविना पेशी अधिक वेगाने घरंगळतात, म्हणजे वेग मंदावण्याच्या कामात त्याचा स्वतंत्र वाटा आहे, हेही दिसले.

दोन्ही सिलेक्टिन नसलेले उंदीर मिळवणे सहज शक्य नव्हते. तिन्ही सिलेक्टिनांची जनुके एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी असल्यामुळे ती बहुधा एकत्रच वारशाने जातात. म्हणून साध्या संकराऐवजी एक जनुक निकामी असलेल्या मूलपेशींतच दुसरे जनुक निकामी करावे लागले. १९९६ मध्ये वर्णन झालेल्या या उंदरांच्या रक्तात श्वेतपेशींची संख्या फार वाढलेली होती आणि त्यांना त्वचेचे गंभीर संसर्ग आपोआप होत असत. एकेकटा रेणू गेल्याने जे घडले नव्हते ते दोन्ही गेल्यावर घडले.

एल-सिलेक्टिन नसलेल्या उंदरांत (१९९४) वेगळे चित्र दिसले. त्यांच्या परिघीय लसीका ग्रंथी लहान राहिल्या व त्यांतील लसीकापेशी ७० ते ९० टक्क्यांनी कमी झाल्या. लसीका ग्रंथींत रक्तातून शिरण्यासाठी हा रेणू दाराच्या किल्लीसारखा आहे, याला यातून दुजोरा मिळाला.

इंटेग्रिन आणि श्वेतपेशी आसंजन-न्यूनता

इंटेग्रिन प्रथिने दोन साखळ्यांची बनलेली असतात. श्वेतपेशींवरील एका महत्त्वाच्या गटात सीडी१८ ही साखळी सामाईक असते आणि तिच्या जोडीला वेगवेगळ्या साखळ्या येतात. एलएफए-१ व मॅक-१ हे या गटातील प्रमुख इंटेग्रिन आहेत.

सीडी१८ चे महत्त्व आधी मानवी आजारातून लक्षात आले होते. काही अर्भकांची नाळ नेहमीपेक्षा फार उशिरा गळून पडते, त्यांना वारंवार गंभीर जिवाणुसंसर्ग होतात, जखमा भरत नाहीत आणि रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असूनही संसर्गाच्या जागी पू होत नाही. या आजाराला श्वेतपेशी आसंजन-न्यूनता (प्रकार पहिला) म्हणतात. सीडी१८ च्या जनुकातील दोष हे त्याचे कारण आहे, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. तीव्र स्वरूपाच्या आजारात अस्थिमज्जेतील मूलपेशींचे प्रत्यारोपण न झाल्यास बालक बहुधा लहानपणीच दगावते. भारतातही या आजाराचे रुग्ण आढळतात. मुंबईतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा प्राथमिक प्रतिकारन्यूनतांचे निदान व अभ्यास केला जातो.

सीडी१८ पूर्णपणे नसलेल्या उंदरांचे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यात मानवी आजाराशी मिळतीजुळती लक्षणे होती : त्वचेवर आपोआप होणारे व्रण, रक्तात न्यूट्रोफिलांची मोठी वाढ आणि त्वचेत त्या पेशी पोहोचण्यात गंभीर अडथळा. मात्र फुफ्फुसात न्यूमोनियाचे जिवाणू सोडल्यावर न्यूट्रोफिल तेथे पोहोचू शकले. उदरपोकळीतही ते पोहोचले. आसंजनाची साखळी सर्व अवयवांत एकसारखी चालत नाही, हे या विसंगतीतून कळले.

सीडी१८ चे जोडीदार एकेक करून काढल्यावर कामाची विभागणी दिसून आली. एलएफए-१ मुख्यतः पेशी थांबवण्याचे, म्हणजे घट्ट आसंजनाचे काम करते, तर थांबलेल्या पेशीला वाहिनीच्या आतून सरपटत योग्य सांध्यापर्यंत नेण्यात मॅक-१ चा भाग मोठा असतो. मॅक-१ नसलेल्या उंदरांच्या उदरपोकळीत दाहानंतर न्यूट्रोफिल कमी होण्याऐवजी अधिक काळ साठून राहिले. या पेशींचा नियोजित मृत्यू लांबल्यामुळे तसे घडत होते. म्हणजे आसंजनाचा रेणू समजला जाणारा हा रेणू पेशीच्या आयुष्यावरही नियंत्रण ठेवतो.

या उंदरांवरील अभ्यासाचा एक अनपेक्षित लाभ रुग्णांना झाला. श्वेतपेशी आसंजन-न्यूनतेच्या रुग्णांत हिरड्यांचा तीव्र विकार होऊन दात लवकर पडतात. न्यूट्रोफिल न पोहोचल्याने जिवाणू मोकाट वाढतात, हेच त्याचे कारण समजले जात असे. आसंजनाचे रेणू नसलेल्या उंदरांवरील कामातून वेगळी साखळी पुढे आली. सामान्य स्थितीत ऊतींत पोहोचलेले न्यूट्रोफिल तेथे मरतात व भक्षकपेशी त्यांना गिळतात. त्यामुळे इंटरल्युकिन-२३ या संदेशवाहक प्रथिनाची निर्मिती आटोक्यात राहते. न्यूट्रोफिल पोहोचलेच नाहीत तर हा लगाम सुटतो, इंटरल्युकिन-२३ व त्यामागोमाग इंटरल्युकिन-१७ वाढते, दाह भडकतो आणि अस्थिमज्जेत आणखी न्यूट्रोफिल तयार होत राहतात. रुग्णांच्या हिरड्यांतही इंटरल्युकिन-१७ वाढलेले असल्याचे २०१४ मध्ये दाखवण्यात आले. २०१७ मध्ये एका रुग्णाला इंटरल्युकिन-२३ रोखणारे, सोरायसिससाठी आधीपासून वापरात असलेले उस्टेकिनुमॅब हे औषध दिल्यावर त्याच्या हिरड्यांचा दाह व दीर्घकाळ न भरलेली जखम बरी झाली.

लसीकापेशींचे मार्ग

लसीकापेशींच्या फेऱ्यात प्रवेश, मुक्काम व निर्गमन असे तीन भाग असतात. तिन्ही भागांचे नियमन वेगवेगळ्या रेणूंकडे आहे, हे नॉकआऊट उंदरांतून स्पष्ट झाले.

सीसीआर७ हा केमोकाइनचा संकेत ग्रहण करणारा रेणू नसलेले उंदीर १९९९ मध्ये तयार झाले. त्यांच्या लसीका ग्रंथींत नवख्या टी-पेशी पुरेशा शिरत नाहीत. त्वचेतून रोगजंतूंची खबर घेऊन येणाऱ्या शाखायुक्त पेशीही ग्रंथीपर्यंत पोहोचत नाहीत. दोन्ही पक्षांची भेट होण्याचे ठिकाणच ओस पडल्यामुळे प्रतिकाराला विलंब होतो. सीएक्ससीआर५ हा रेणू नसलेल्या उंदरांत (१९९६) बी-पेशींच्या वसाहतींची रचना बिघडते व काही लसीका ग्रंथी तयारच होत नाहीत.

आतड्याकडे जाणारा मार्ग वेगळा आहे. बीटा-७ इंटेग्रिन नसलेल्या उंदरांत (१९९६) आतड्याच्या भिंतीतील लसीकाभ ऊती खुरटलेल्या राहतात. आतड्यासाठी श्वेतपेशींना वेगळा परवाना लागतो, असे या निष्कर्षाचे सोप्या शब्दांत वर्णन करता येईल.

निर्गमनाचे रहस्य २००४ मध्ये उलगडले. एस१पी१ हा ग्राही रेणू ज्यांच्या रक्तपेशींत नाही अशा उंदरांत टी-पेशी थायमस ग्रंथीत पक्व होतात, पण बाहेर पडू शकत नाहीत. परिणामी रक्तात त्या जवळजवळ आढळत नाहीत. रक्त व लसीकेत एस१पी या स्निग्ध रेणूचे प्रमाण अधिक आणि ऊतींत कमी असते. हा चढ ओळखून पेशी बाहेरची वाट धरते.

जन्मापूर्वीच होणारा मृत्यू आणि सशर्त नॉकआऊट

काही रेणूंच्या बाबतीत पूर्ण नॉकआऊट उंदीर जन्मालाच येत नाही. आल्फा-४ इंटेग्रिन व त्याचा अंतःस्तरावरील जोडीदार व्हीकॅम-१ यांची जनुके स्वतंत्रपणे निकामी केल्यावर दोन्ही वेळा भ्रूण गर्भातच मेले (१९९५). त्यांच्यात वार नीट जुळत नव्हती आणि हृदयाचे बाह्य आवरण तयार होत नव्हते. दोन्ही उंदरांतील दोष सारखे असल्यामुळे हे दोन रेणू भ्रूणातही एकमेकांचे जोडीदार असतात हे सिद्ध झाले, परंतु प्रौढ उंदराच्या रोगप्रतिकारासंबंधीचा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

अशा वेळी सशर्त नॉकआऊट वापरतात. लक्ष्य जनुकाच्या दोन्ही बाजूंना डीएनएच्या विशिष्ट खुणा घातलेल्या असतात. क्री नावाचे विकर या दोन खुणांमधला भाग कापून टाकते. हे विकर फक्त ठरावीक प्रकारच्या पेशींत तयार होईल अशी योजना केल्यास जनुक तेवढ्याच पेशींत निकामी होते आणि उंदीर जगतो. काही योजनांत औषध दिल्यावरच विकर कार्यान्वित होते, त्यामुळे जनुक केव्हा निकामी करायचे हेही ठरवता येते. एस१पी१ चे पूर्ण नॉकआऊट उंदीरही रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे गर्भातच मरतात. वर उल्लेखिलेल्या प्रयोगात म्हणून या भ्रूणांच्या यकृतातील रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशी सामान्य उंदरांत रोपण केल्या गेल्या.

निष्कर्षांच्या मर्यादा

नॉकआऊट उंदरांवरून निष्कर्ष काढताना पुढील अडचणी वारंवार आल्या आहेत.

पर्यायी रेणू : ई-सिलेक्टिनच्या उदाहरणाप्रमाणे एक रेणू गेल्यावर दुसरा त्याचे काम करू शकतो. दोष न दिसणे म्हणजे कार्य नसणे नव्हे.

अपूर्ण नॉकआऊट : आयकॅम-१ हा अंतःस्तरावरील रेणू नसलेले म्हणून १९९३ व १९९४ मध्ये वर्णन झालेले उंदीर अनेक प्रयोगशाळांत वापरले गेले. नंतर असे आढळले, की जनुकाचा बिघडवलेला भाग वगळून या उंदरांत आयकॅम-१ चे आखूड प्रकार तयार होतच होते. त्यामुळे आधीच्या काही निष्कर्षांचा फेरविचार करावा लागला आणि पुढे जनुकाचा संपूर्ण सांकेतिक भाग काढलेले उंदीर तयार करावे लागले.

वाणाचा परिणाम : पीकॅम-१ हा रेणू पारगमनात भाग घेतो असे प्रतिपिंडांच्या प्रयोगांत दिसले होते. पण सी५७ब्लॅक/६ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाणाच्या नॉकआऊट उंदरांत पारगमन फारसे घटले नाही. २००४ मध्ये इतर वाणांची तपासणी झाल्यावर त्यांपैकी बहुतेकांत पीकॅम-१ खरोखरच आवश्यक असल्याचे आढळले. अपवाद नेहमीच्या वापरातल्या वाणाचाच होता.

शेजारची जनुके : मूलपेशी एका वाणाच्या व संकर दुसऱ्या वाणाशी असल्यास लक्ष्य जनुकाच्या आसपासचा डीएनए अनेक पिढ्यांनंतरही पहिल्या वाणाचाच राहतो. दिसलेला फरक लक्ष्य जनुकाचा की शेजाऱ्याचा, हे तपासून पाहावे लागते.

उंदीर व मानव यांतील भेद : मानवी रक्तातील श्वेतपेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात, तर उंदरांत लसीकापेशींचे प्रमाण जास्त असते. मानवात न्यूट्रोफिलांना बोलावणारे इंटरल्युकिन-८ हे प्रमुख केमोकाइन उंदरात नसतेच. मानवी श्वेतपेशींवरील आयकॅम-३ हा रेणूही उंदरात नाही.

या कारणांमुळे एकाच प्रश्नासाठी नॉकआऊट उंदीर, रोखणारी प्रतिपिंडे, अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण आणि शक्य तेथे मानवी रुग्णांवरील निरीक्षणे असे अनेक पुरावे एकत्र पाहण्याची प्रथा पडली आहे.

औषधांशी संबंध

आसंजन व संचार रोखून दाह कमी करणारी काही औषधे वापरात आली आहेत. नॅटालिझुमॅब हे आल्फा-४ इंटेग्रिनला रोखणारे प्रतिपिंड मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी अमेरिकेत २००४ मध्ये संमत झाले. काही रुग्णांत जेसी विषाणूमुळे मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाल्याने ते २००५ मध्ये थांबवण्यात आले व कडक देखरेखीच्या अटींवर २००६ मध्ये पुन्हा सुरू झाले. श्वेतपेशींची मेंदूकडील वाट अडवल्याने दाह थांबतो, तसाच पहाराही उठतो, हे यातून कळले. एलएफए-१ ला रोखणारे एफालिझुमॅब हे सोरायसिसवरील औषध अशाच संसर्गामुळे २००९ मध्ये मागे घ्यावे लागले.

आतड्याकडील मार्ग वेगळा असल्याच्या ज्ञानाचा उपयोग येथे झाला. व्हेडोलिझुमॅब हे प्रतिपिंड आल्फा-४ व बीटा-७ यांच्या जोडीलाच रोखते, त्यामुळे त्याचा परिणाम मुख्यतः आतड्यापुरता राहतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन यांच्या आजारासाठी ते २०१४ मध्ये संमत झाले. फिंगोलिमॉड हे २०१० मध्ये संमत झालेले औषध एस१पी१ च्या कार्यात अडथळा आणून लसीकापेशींना लसीका ग्रंथींतच अडकवून ठेवते. एस१पी१ नसलेल्या उंदरांतील चित्र व या औषधाचा परिणाम यांतील साम्यामुळे औषध नेमके कसे काम करते हे समजण्यास मदत झाली.

नैतिक बाजू

नॉकआऊट उंदीर तयार करताना व जोपासताना हवा तो जनुकीय बदल नसलेली अनेक पिल्लेही जन्माला येतात. काही नॉकआऊट उंदरांना व्रण, संसर्ग किंवा रक्तस्राव यांचा त्रास आपोआप होतो. उदाहरणार्थ, किंडलिन-३ हे इंटेग्रिनांना कार्यान्वित करणारे प्रथिन नसलेली पिल्ले रक्तस्रावाने जन्मानंतर थोड्याच दिवसांत मरतात. याच प्रथिनाच्या अभावी मानवात श्वेतपेशी आसंजन-न्यूनतेचा तिसरा प्रकार होतो. त्यामुळे अशा प्रयोगांचे मोल व प्राण्यांना होणारा त्रास यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते. विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री यासाठी जगभर आधारभूत मानली जाते : शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे आणि त्रास कमी होईल अशा पद्धती वापरणे. भारतात प्राण्यांवरील प्रयोग प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० याच्या चौकटीत येतात.

सशर्त नॉकआऊट हा या त्रिसूत्रीशी सुसंगत मार्ग ठरू शकतो, कारण जनुक मोजक्याच पेशींत निकामी केल्याने उंदराला सर्वांगीण आजार होणे बऱ्याचदा टळते. मानवी अंतःस्तराच्या पेशींचे थर वाहत्या द्रवात ठेवून केलेले प्रयोगही साखळीतील सुटे टप्पे अभ्यासण्यासाठी वापरले जातात. मात्र अस्थिमज्जेपासून ऊतींपर्यंत आणि तेथून लसीकेमार्गे पुन्हा रक्तापर्यंतचा पेशीचा संपूर्ण प्रवास अद्याप जिवंत प्राण्यातच पाहता येतो.